मलम लिहून देण्याआधी एकदा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत बायकांच्या कर्करोगावर पानभर मजकूर आला होता. स्तनाचा, गर्भाशयाच्या तोंडाचा, अंडाशयाचा. चित्रं होती, लक्षणं होती, कुठे तपासून घ्यायचं तेही होतं. मी तो लेख दोनदा वाचला, कारण मला झालेला कर्करोग त्यात कुठे सापडतो का ते बघायचं होतं. सापडला नाही. तो फार थोड्या बायकांना होतो, त्यामुळे लेखिकाबाईंना दोष देत नाही. शिवाय त्याला आपल्याकडे धड नावही नाही. माझ्या फाईलवर ‘सीए व्हल्वा’ असं आहे. सीए म्हणजे कर्करोग. व्हल्वा म्हणजे योनीच्या तोंडाबाहेरचा, लघवीच्या जागेभोवतीचा सगळा भाग. रोज धुतो आणि जन्मात बघत नाही तो. मुलाने मोबाइलवर शोधलं तर ‘भग’ असा शब्द आला. हा शब्द मी तरी आजवर कुणा बाईच्या तोंडून ऐकलेला नाही. आम्ही ‘खाली’ म्हणतो. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलाने ‘व्हल्वावाल्या पेशंट कोण?’ म्हणून मोठ्याने पुकारा केला, तेव्हा बाकावरच्या पन्नास माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. कुणाला कळलंच नाही. इंग्रजीचा असाही उपयोग.

मी कराडची. वय 64. पस्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. ब्लाऊज, परकर, मुलींचे फ्रॉक, लग्नाच्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फॉल-पिको. आमचे हे 2017 साली गेले. मुलगा, सून आणि नात असं घर आहे.

2021 च्या दिवाळीच्या गर्दीत पहिल्यांदा खाज सुटली. दिवसभर मशीनपुढच्या स्टुलावर बसून काम, वर सिंथेटिक परकर, घाम. म्हटलं त्यानेच असेल. दिवाळी गेली, थंडी आली, खाज गेली नाही. मग घरचे उपाय सुरू झाले. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, तुरटी झाली, शेजारणीने शंभर वेळा धुतलेलं तूप दिलं ते झालं. जंतुनाशकाचं एक-एक झाकण बादलीत टाकून धुणं तर रोजचंच झालं. त्याने पहिली पाच मिनिटं झणझणायचं आणि मला वाटायचं, चला, लागू पडतंय. पुढे कळलं की आधीच विरलेल्या कातडीवर मी रोज तिखट ओतत होते.

दीड वर्षात तीन डॉक्टर केले. पहिले म्हणाले बुरशी आहे, गोळ्या आणि एक ट्यूब. दुसऱ्यांनी शुगर तपासायला सांगितली. बरोबरच होतं ते, साखर वाढली की खाली खाज सुटते, पण माझी साखर नीट निघाली. मग पुन्हा ट्यूब. तिसऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, वयाचं आहे, मनावर घेऊ नका. तिघांपैकी एकानेही ‘झोपा, बघू या’ म्हटलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. खुर्चीत बसल्या बसल्या, साडी न सोडता औषध मिळालं म्हणून मी खुशीत घरी आले. तेव्हा दोष त्यांचा आहेच, पण त्यात माझी लाजही बरोबरीने होती.

ती ट्यूब पुढे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणत राहिले. नाव सांगायचीही गरज नव्हती, रिकामी ट्यूब दाखवली की झालं. असल्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, हे मला फार उशिरा कळलं. दोन दिवस लावलं की आराम पडायचा, मग मी ती बंद करायची, आठवड्यात परत तेच.

2024 च्या मार्चमध्ये धुताना बोटाला कडक काहीतरी लागलं. दोऱ्याला दोन-तीनदा गाठ मारल्यावर लागतं तेवढं. परकराला रक्ताचा डाग होता. पाळी जाऊन चौदा वर्षं झालेली. सुनेला सांगायला मला चार दिवस लागले. ती म्हणाली, ‘आई, तुम्ही स्वतः बघितलंय का?’ मी म्हटलं, कसं बघायचं? तिने उठून माझ्याच शिवणाच्या कपाटातला हातातला आरसा आणला, ब्लाऊजची पाठ कशी बसलीय ते गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवते तो. मोबाइलची बॅटरी लावून माझ्या हातात दिली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

एवढ्या वर्षांत शेकडो बायकांची मापं घेतली. कुणाचा खांदा उतरता, कुणाची छाती एका बाजूला कमी, सगळं मला पाठ. स्वतःचा हा भाग मी चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. आजूबाजूची कातडी पांढरी पडलेली, सुरकुतलेली. फार धुतलेलं जुनं वॉयल उजेडात धरलं की कसं पारदर्शक दिसतं, तशी. आतल्या बारीक पाकळ्या असतात म्हणतात, त्या जवळजवळ चिकटून गेल्या होत्या. आणि डाव्या बाजूला ते खरखरीत, लालसर, कडेला उचललेलं.

चौथ्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं. दोन मिनिटं लागली. पांढऱ्या कातडीचं नाव त्यांनी लिहून दिलं: लायकेन स्क्लेरोसस. संसर्गाचा आजार नाही, अस्वच्छतेचा नाही, कुणाकडून लागत नाही. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो. ज्यांना तो होतो त्या शंभरातल्या पाचांहूनही कमी जणींना पुढे कर्करोग होतो, म्हणजे पंचाण्णवहून जास्त जणी सुटतात. आणि वेळेवर, सतत मलम लावलं तर त्या पाचांतल्याही बऱ्याच सुटू शकतात. तरुण बायकांत हाच कर्करोग बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, असंही त्या म्हणाल्या. त्याविरुद्धची लस पुण्यातच तयार होते. नात बारा वर्षांची आहे, तिला दिली. तो विषय इथे एवढाच.

जागा सुईने बधिर करून कातडीचा पेन्सिलच्या टोकाएवढा तुकडा काढला. रिपोर्ट नवव्या दिवशी आला. ऑपरेशन मिरजेला ठरलं, पण तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

मला खरं लिहायचंय ते या पाच आठवड्यांबद्दल.

कॅन्सर म्हटल्यावर घरात जो तो ‘कितवी स्टेज?’ विचारतो. नातेवाईक फोन करतात, कुणी गोमूत्र सुचवतं, कुणी ज्योतिषी. डॉक्टर गाठ किती मिलिमीटर आत गेली ते बोलतात. खाजेबद्दल कोणी विचारत नाही, आणि आपल्यालाही वाटतं की जिवावरचं दुखणं समोर असताना खाजेचं काय घेऊन बसायचं! पण दिवस जसा तसा जातो. रात्री अकरा वाजता ‘स्टेज’ नसते, खाज असते. एप्रिल-मे, कराडचा उकाडा, लाईट गेलेली, अंगाला अंग लागलं तरी आग. झोपेत खाजवलं जायचं, सकाळी नखांत रक्त. लघवीला जायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायची, कारण ओरबाडलेल्या जागेवरून लघवी गेली की डोळ्यांपुढे तारे. म्हणून पाणी कमी प्यायला लागले, आणि लघवी पिवळी, कडक होऊन अजूनच झोंबायला लागली. मला वाटतं, त्या पाच आठवड्यांत मी मरणाला जेवढी घाबरले नसेन तेवढी रात्रीला घाबरायचे.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना मिरजेला जायचं म्हणजे ओगलेवाडीच्या स्टेशनवरून गाडी. अख्खा रस्ता एका कुल्ल्यावर टेकून बसायचं. मिरजेच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने मला तशी बसलेली बघितलं. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल. म्हणाली, ‘मावशी, आग होतीय ना? डॉक्टरांना बोललात?’ मी म्हटलं, एवढ्यासाठी काय बोलायचं. ती मला पडद्याआड घेऊन गेली आणि पंधरा मिनिटं बोलली. त्या पंधरा मिनिटांनी मला माझी झोप परत दिली. तिचं बोलणं जसंच्या तसं बायकांपर्यंत जावं म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तिने पहिल्यांदा साबण बंद केला. अंगाचा, बाळाचा, आयुर्वेदिक, ‘खास त्या जागेसाठी’ म्हणून बाटलीत मिळतो तो, सगळे. जंतुनाशक बंद, पावडर बंद, कडुलिंबाचा पाला बंद. नुसतं साधं पाणी. धुतल्यावर पुसायचं नाही, जुन्या मऊ कापडाने टिपायचं आणि दोन मिनिटं पंख्यासमोर उघडं राहायचं. लघवीला जायच्या आधी पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा थर, म्हणजे लघवी कातडीला लागत नाही. लघवी करतानाच मगने वरून पाणी सोडत राहायचं. हे एवढं साधं, आणि इतके महिने मला सुचलं नाही! पहिल्याच दिवशी निम्मी आग गेली. पाणी पोटभर प्यायला लागले ते त्यानंतर.

रात्रीसाठी ओला रुमाल स्वच्छ पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि खाज उसळली की वरून धरायचा. बर्फ थेट कधीच लावायचा नाही, कातडी जळते. झोपताना टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं. त्यात मीठ-हळद काही घालायचं नाही. नखं अगदी मुळापासून कापायची. तरी हात जातोच, तर ओरबाडायचं नाही, तळवा दाबून धरायचा. मी जुन्या बनियनचे हातमोजे शिवून घेतले. नातीला गंमत वाटली, म्हणाली, ‘आजी क्रिकेट खेळणार.’

मग सिस्टरने डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी दोन औषधं दिली. एक रात्रीची गोळी, तिने खाज दबते आणि गुंगी येते. म्हातारीने ती घेऊन अंधारात एकटीने उठू नये, मी एकदा मोरीच्या उंबऱ्याला अडखळले. दुसरी बधिर करणारी जेली, अगदी थोडी, फार आग होईल तेव्हाच. ही त्यांनी बजावून दिली: जागा बधिर करणारी मलमं दुकानातून मनाने आणून लावू नका, काहींची ॲलर्जी येते आणि खाज दुप्पट होते.

कपड्यांचं मात्र सिस्टरला मी शिकवलं. तिने ‘सुती, सैल घाला’ एवढंच सांगितलं होतं. बाजारातल्या सुती निकरीलाही मधोमध जोड असतो आणि त्याची जाड शिवण नेमकी त्या जागी येते. जांघेतलं इलॅस्टिक कातडीत रुततं ते वेगळंच. मी मलमल आणली, आधी दोनदा धुऊन तिची खळ काढली. गुडघ्यापर्यंतच्या सैल चड्ड्या बेतल्या, कमरेला इलॅस्टिक न घालता नाडी घातली आणि सलवारीला लावतो तशी रुंद मियानी (दोन्ही पायांच्या मधला कापडाचा तुकडा) लावली, म्हणजे मधे जोडच येत नाही, शिवणी मांडीकडे जातात. मियानीच्या शिवणी कातडीच्या बाजूला न ठेवता बाहेरच्या बाजूला काढल्या. उलटी चड्डी घातल्यासारखं दिसतं. दिसू दे. रात्री तर नुसता मलमलचा परकर, आत काही नाही. रक्त-पाणी यायचं त्यासाठी दुकानातले पॅड लावून बघितले, वरच्या जाळीने अजून घासलं. मग जुन्या धोतराच्या घड्या केल्या, दर तीन-चार तासांनी बदलायच्या.

अजून एक, जरा घरगुती आहे, पण लिहिते. आपण बायका आतले कपडे उघड्यावर वाळत घालत नाही. दोरीवर आधी चड्डी, तिच्यावर परकर, वर टॉवेल. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस दमट राहतात आणि तसेच अंगावर चढतात. मी आता साबण-पावडर कमी घालते, तीन पाण्यांतून काढते, सुगंधी पाणी घालत नाही, आणि गच्चीवर सरळ उन्हात टाकते. समोरच्या घरातल्यांना दिसतात. चौसष्टाव्या वर्षी दिसून दिसून काय दिसणार आहे?

ऑपरेशन मेच्या अखेरीस झालं. भोवतालच्या चांगल्या कातडीसह गाठ काढली आणि गाठ एका बाजूला होती म्हणून त्याच बाजूच्या, डाव्या जांघेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या. त्यांत कर्करोग निघाला नाही, रेडिएशनचे शेक द्यावे लागले नाहीत. पूर्वी या आजारात दोन्ही जांघांपासून सगळं एकदमच काढून टाकायचे, म्हणे. आता निदान लवकर झालं तर तेवढं काढावं लागत नाही. लवकर म्हणजे कधी, तर कुणीतरी बघितलं तेव्हा.

ऑपरेशन झालं म्हणजे खाज संपली असं मला वाटलं होतं. तसं नसतं. टाके भरताना खाज, काढलेले केस परत येताना खाज. लघवीची धार सरळ पडत नाही, मांडीवर जाते. ती नीट न धुतल्यास पुन्हा आग. डावा पाय संध्याकाळी सुजतो, त्याला घट्ट मोजा घालावा लागतो. आणि उरलेल्या कातडीत लायकेन आहेच. त्याला रोज रात्री स्टिरॉइडचं कडक मलम, महिन्याने एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, बहुधा कायमचं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बाई, त्या ट्यूबमध्येही स्टिरॉइडच होतं ना, त्यानेच घात केला ना? त्या म्हणाल्या, घात औषधाने नाही केला, न बघता लावलं आणि अर्धवट सोडलं त्याने केला. किती लावायचं तेही त्यांनी माझ्या बोटावर दाखवलं: अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची एक रेघ, तेवढ्यात सगळी जागा. तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. लवकर संपली तर लावणं चुकतंय, उरली तरी चुकतंय.

अजूनही कधी खाज सुटली की पोटात गोळा येतो: परत आलं का? याला औषध नाही. मी एवढंच ठरवलंय की महिन्याच्या एक तारखेला आरसा घ्यायचा. नवीन कडक जागा, भेग, पांढरा किंवा लाल डाग दिसला, किंवा मलम लावूनही खाज पंधरा दिवसांत दबली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला जायचं. दोनदा गेले. दोन्ही वेळा काही नव्हतं. डॉक्टर हसल्या नाहीत, त्याचं मला फार बरं वाटलं. (ज्यांचा संसार अजून चालू आहे त्यांचा नवऱ्याजवळ जाण्याचा प्रश्न वेगळा. दुखतं, भीती वाटते. त्यावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, पण त्यांनी तो डॉक्टरांना विचारावा, गप्प बसून सोसू नये.)

हे सगळं मी गिऱ्हाइकांपैकी दोघी-तिघींना हळूच सांगितलं. मापं घेताना दार बंद असतं, बायका बोलतात. त्यातल्या एकीला सहा वर्षं खाज होती आणि तीही तीच ट्यूब लावत होती. तिला मी आरसा दिला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. तिचं लायकेन निघालं, नुसतंच लायकेन.

आता मागणं. तीस वर्षांवरच्या माणसांचा तब्येतीचा फॉर्म भरायला आमच्या गल्लीत आशाताई येतात. बायकांसाठी त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न आहे, पाळी गेल्यावर रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, अंगावरून घाण वासाचं जातं का, असे प्रश्न आहेत. चांगले आहेत. पण खालच्या बाहेरच्या भागावर फार दिवस खाज, जखम किंवा गाठ आहे का, असा प्रश्न मी शोधला, मला दिसला नाही. ही एक ओळ घाला. पाळी गेलेल्या बाईची खाज महिनाभर औषध करूनही राहिली, तर दुसरं औषध लिहिण्याआधी तिला टेबलावर झोपवून दिव्याच्या उजेडात बघा; पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरला उभं करा, पण बघा. मेडिकलवाल्यांनी रिकामी ट्यूब बघून भरलेली देऊ नये. आणि कर्करोगाच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी फाईल करतात, तेव्हाच ‘रात्री झोप लागते का, लघवीला आग होते का’ हे कुणीतरी विचारावं. मला भेटलेल्या सिस्टरने ते आपण होऊन विचारलं. ती त्या दिवशी रजेवर असती तर?

आपल्या पुरवणीत पुन्हा असा लेख आला तर या आजाराला चार ओळी द्या. शब्द कोणता वापरायचा ते आपण ठरवा, आपल्याकडे शब्द जाणणारी माणसं आहेत. ‘भग’ लिहिलंत तर आम्ही शिकून घेऊ.

पत्र लांबलंय, मला कळतंय. कात्री लावायचीच तर डॉक्टरांच्या फेऱ्यांवर लावा, ऑपरेशनवर लावा. जेली, पाण्याचा मग, थंड रुमाल आणि मियानीचा भाग तेवढा अख्खा राहू द्या. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. गिऱ्हाइकांचं काही नाही, पण नातीच्या शाळेत पेपर येतो.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, कराड